बससाठी सह्या

तुम्हाला खोटं वाटेल, पण भिवंडीत बस यावी म्हणून सगळ्यात जास्त सह्या मला रिक्षावाल्यांनी दिल्यात.

मी परिवहन खात्यात कारकून. नव्या बसगाड्यांसाठी आम्ही सरकारकडे निधी मागितलेला आणि फाइल मंत्रालयात पडून. आमदारसाहेब म्हणाले, "लोकांच्या सह्या आणा, मग अधिवेशनात प्रश्न मांडतो."

झालं, कागद घेऊन मी धामणकर नाक्यावर उभा. पण थांबतंय कोण? अंजूरच्या शेअर रिक्षात एक बाई बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "ताई, जरा खाली उतरून बससाठी एक सही करता का?"

"उतरले तर माझी सीट जाईल ना."

तेवढ्यात रिक्षावालाच मागे वळला. "द्या इकडं."

त्याने मांडीवर कागद ठेवून स्वतः सही केली, मागच्या तिघांना करायला लावली. मग खाली उतरून रांगेतल्या सगळ्या रिक्षांतून कागद फिरवून आणला. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात माझी पानं भरली.

मलाच कसंतरी वाटायला लागलं. म्हटलं, "दादा, वरचा मजकूर वाचलात ना? निधी मिळाला तर इथून थेट अंजूरला बस सुटेल. तुमच्या धंद्याचं काय?"

"काय न्हाय होत, साहेब. माझ्या बापानं पण याच नाक्यावर अशीच सही केली होती."

"बरं, ते काय करायचे?"

"रिक्षाच चालवायचे. याच लायनीवर."