नानांनी पुजलेलं विमान

आईशप्पथ सांगतो, शब्द न् शब्द खरा हाय. म्हणजे, एका जागी थोडी थाप मारलीय, पण ऐका तरी.

पलूसकडं एका खासगी धावपट्टीवर मी आणि किसननाना मेकॅनिक होतो. मालकानं छोट्या विमानात नवे डिजिटल पडदे बसवले. ढगात उडायचं तर त्यांच्या जोडीला उंची दाखवणारी जुनी काट्याची तबकडी ठेवावीच लागते, असा तिथला दंडक.

खंडेनवमीला नानांनी ट्रॅक्टर पुजतात तसं विमान पुजलं. हळदीकुंकवाची जाड बोटं ओढली. त्यातलं एक नेमकं बाहेरची हवा घेणाऱ्या बारक्या भोकावर गेलं. पडदे न् तबकडी, दोन्ही उंची त्या हवेच्या दाबावरच मोजतात.

रणजित पायलट उडाला, ढगात शिरला आणि वायरलेसवर ओरडला, "नाना, उंची हालंना! जमिनीवरचाच आकडा दावतंय!"

नानांनी आपली पिवळी बोटं बघितली. माईक मी घेतला.

"गड्या, भोक बुजलंय. जुन्या तबकडीची काच फोड, विमानाच्या आतली हवा घील ती."

"आन मालक काय म्हणंल?"

"मालक गेला खड्ड्यात! फोड!"

काच फुटली, काटा हालला, रणजित सुखरूप उतरला.

असं बघू नका रं माझ्याकडं. 'मालक काय म्हणंल'पासनं पुढचं मी रचलंय. 'दोन पडदे असताना हे डबडं कशाला?' म्हणून मालकानं आम्हाला न सांगता तबकडी आदल्या दिवशीच काढली होती. मी "फोड" म्हणालो, तवा रणजितनं एवढंच विचारलं, "कुठली तबकडी?" त्यानंतर वायरलेस बोललाच न्हाई.