भांगाच्या ओहोटीला जाळं नको

सभेचे अध्यक्ष आणि आमच्या खाजन समितीचे प्रमुख शिवदासबाब, व्यासपीठावरची मानाची मंडळी, आज निरोप घेणारे मत्स्य खात्याचे परेशबाब, आणि चहा येईपर्यंत थांबलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, नमस्कार.

माझं बोलणं नात गौरवी उतरून घेतेय. मला अक्षर येत नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त तिनं वाचून दाखवलं, तर त्यात लिलावाच्या अटींना मी 'होय' म्हटल्याचं निघालं. मी त्या दिवशी नार्व्याला बहिणीकडे होते. माझा आवाज बराच लांब जातो म्हणायचा.

परेशबाब पाच वर्षांपूर्वी आमच्या मानशीवर, म्हणजे खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर आले. मला वाटलं, कर बसवायला आलाय. जाळ्यातला शेवटा मासा धरायचा, एक खवला काढायचा आणि मासा परत पाण्यात. असल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मी विचारलं, "बाबा, खवल्यांचं हुमण करून भातावर घेतोस की काय?"

"आजी, खवल्यावरच्या रेघांवरून वय कळतं."

कळलं खरं. एकाच भरतीनं आत आलेले शेवटे, पण कुणी वर्षात समुद्र गाठतो, कुणी तीन वर्षं चिखल सोडत नाही. माझे मुलगे तसेच. एक बोटीवर, एक मोपाच्या विमानतळावर, धाकटा घरात. एका पावसात खाणीचा लाल गाळ आला, आतले शेवटे मेले. बाहेर गेलेल्यांची पिल्लं पुढच्या वर्षी आत आली. दुसऱ्या एका वर्षी बाहेरून काहीच आलं नाही, तेव्हा आत थांबलेले खाली समुद्रात उतरले म्हणून बीज राहिलं.

म्हणून उधाणाच्या मोठ्या ओहोटीला आपण मानशीत जाळं बांधतो आणि भांगाच्या लहान ओहोटीला उचलून ठेवतो. ज्याला निघायचंय त्यानं निघावं. सासऱ्यांच्या वेळची रीत ही.

आता परवा मानशीतल्या मासेमारीचा लिलाव होणार, त्यात दर ओहोटीला जाळं, असं कागदावर आहे म्हणे. परेशबाबांनी लेखी हरकत घेतली आणि पंधरा दिवसांत वास्कोला बदली आली. योगायोग असेल. शिवदासबाब हसतायत, म्हणजे असेलच. हरकतीचा कागद तेवढा कुणाला सापडत नाही.

परेशबाबांना शाल घालायचा मान मला दिलात, उपकार झाले. कुणाला बोलणं टोचलं असेल तर म्हातारी म्हणून सोडून द्या. शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. शिवदासबाब, माइक घ्या. भांगाच्या ओहोटीला जाळं लागणार नाही, एवढं चारचौघांत सांगा, मग मी शाल घालते. परेशबाबांना बस गाठायची आहे. मला कुठेच जायचं नाही.