मिआलीचा पहिला सील

मी मिआली काउनाक, वय १५, धंदा शिक्षण, राहणार अकुलियारुक वस्ती, आज पोलीस ठाण्यात आई व दुभाष्यासमोर जबाब देते की,

गेल्या शनिवारी मी माझा पहिला सील मारला. आमच्यात पहिली शिकार आपल्या सुइणीला द्यायची. तिने खाल्ल्याशिवाय घरचं कुणी तोंड लावत नाही. माझी सुईण आर्नाइतोक आजी. सोमवारच्या विमानाने तिला दक्षिणेच्या इस्पितळात नेणार होते आणि ती परत येईल असं कुणी म्हणत नव्हतं. रविवारी तिला सील द्यायचं ठरलं. तोवर तो घराबाहेरच्या खोपीत ठेवला.

रविवारी सकाळी सील जागेवर नव्हता. शेजारी म्हणाले, कुत्र्यांनी ओढला. खोपीला कडी लावलेली होती. आमची कुत्री हुशार आहेत, पण जाताना कडी लावण्याइतकी नाहीत.

बर्फगाडीचा माग दिसला. मी व चुलतभाऊ जोआनासी आमच्या बर्फगाडीने त्यावरून निघालो. माग अस्वलांच्या वाटेवर गेला. तिथे अस्वलांच्या चित्रीकरणासाठी बाहेरून आलेल्यांचा तंबू होता. समोर खुंटीला माझ्याच दोरीने बांधलेलं सीलचं डोकं आणि फाटकं कातडं उरलं होतं. अस्वल अजून तिथेच होतं. जोआनासी म्हणाला, "उतरू नकोस. गेला तो गेला." मी उतरले. अस्वल माझ्याकडे वळलं, तेव्हा जोआनासीने हवेत बार काढला. ते पळालं.

त्यांचा प्रमुख रसेल बाहेर येऊन भांडू लागला की आम्ही त्यांचं अस्वल पळवलं. सील माझा आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "अगं, दुसरा आणून देतो. सील तो सील." मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. साहेब म्हणतात, हे लिहायची गरज नाही. लिहा.

त्याच संध्याकाळी आईने मामाने मारलेल्या सीलचं काळीज माझ्या सीलचं म्हणून आजीकडे नेलं. मी अडवलं नाही. आजीला दात नाहीत, तिने ते बराच वेळ चघळलं. मग माझा गाल ओढून म्हणाली, "मी घडवलेली पोर ही. तुझ्या हातचं पोटात गेलं गं, आता खुशाल नेऊ देत मला कुठेही." सोमवारी तिला नेलं.

आज साहेबांनी इस्पितळात फोन केला. आजीने सांगितलं, मिआलीचा सील मीच खाल्ला, फार गोड होता. साहेब म्हणतात, मग चोरी झाली कशी? खरं काय ते आजीला कळवावं लागेल, नाहीतर रसेलला सोडावं लागेल.

रसेलला सोडा.

हा जबाब दुभाष्याने मला आमच्या भाषेत वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे. आजीला वाचून दाखवू नये.