तीनदा दाबलेलं बटण

भामा : चा निवला बघ. पंधरा दिसांनी आलास, नि पाव्हन्यासारखा दारात बसलास.

केतन : नको काकू, राहू दे. काका जागे आहेत?

काशीराम : जागाच हाय. पट्टी डोल्यांवर हाय, कानांवर नाय. बोल.

केतन : कंपनीतल्या उद्याच्या चौकशीबद्दल बोलायचं होतं.

काशीराम : त्यात काय बोलायचंय? साहेबांनी ठरवलंय. पाइपाचा वाल थेंबथेंब गलत व्हता, काशीरामानं कोनाला सांगितलं नाय, म्हनून ॲसिडची वाफ त्याच्याच तोंडावर आली. निष्कालजी मानूस. काढा कामावरनं.

केतन : तुम्ही सांगितलं होतंत, काका. सतरा दिवस, रोज.

भामा : आं?

(केतन पिशवीतून कागदांचा जाडजूड गठ्ठा काढून ओट्यावर ठेवतो.)

काशीराम : काय ठेवलंस?

केतन : कॉम्प्युटरची नोंद. सगळी छापून आणलीय. कंट्रोल रूममध्ये कुणी काहीही दाबलं, की मशीन वेळेसकट लिहून ठेवतं...

काशीराम : ते तूच शिकवलंस मला. गनपतीत, ह्याच ओट्यावर. ‘काका, तक्रारीचं रजिस्टर इंग्रजीत, तुमाला लिवता येत नाय. ॲसिडचा वास आला का टेस्टचं बटन तीनदा दाबा. मशीन लिवेल, मी वाचीन.’

भामा : मंग वाचलंस का नाय?

केतन : काकू, मशीन दिवसाला दहा-बारा हजार ओळी लिहितं. दिवा लागला, दिवा विझला, पंप चालू, पंप बंद. साहेबांना रिपोर्ट हवा एका पानाचा. म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. बिनकामाच्या ओळी आधीच काढून टाकायचा, मग उरलेल्याचा रिपोर्ट. काढायच्या यादीत मी टेस्टच्या ओळी घातल्या. बटण चालतंय का बघायला कुणीही दाबतं, त्यात काय वाचायचं, असं वाटलं.

भामा : म्हंजे तांदूल निवडायला बसलास, नि खड्यांसंगती दानेपन फेकलेस.

केतन : हो.

काशीराम : आन् आपलं ठरलेलं?

केतन : विसरलो. देवाशपथ विसरलो, काका. साहेबांनी पाठ थोपटली, तेवढंच डोक्यात होतं.

काशीराम : मला वाटायचं, केतन वाचतोय. आज नाय तर उद्या साहेबाला सांगेल, वाल बदलतील. म्हनून दुसऱ्या कोनाला बोललो नाय. सुपरवायझर हसायचा. म्हनायचा, म्हातारा बटनाशी खेलतो.

भामा : पनवेलचा डॉक्टर म्हनतो, उजवा वाचला. डाव्याचं पट्टी काढल्यावर बगू. तुला कवा कललं रे हे?

केतन : अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. मूळ फाइल उघडली, तेव्हा.

भामा : दुसऱ्या दिशी! साहेब आठ दिसांनी हितं येऊन बोलून गेला, ‘ह्याने कुणाला कळवलंच नाही.’ तवाच शेवटचा आलेलास, त्याच्या मागंच उभा व्हतास ना?

केतन : होतो. वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करत होतो. कोरंच पान होतं. नोकरीला भ्यालो, काकू. त्यानंतर रोज तुमच्या आळीपर्यंत यायचो नि मागे फिरायचो. माझीच मला शरम वाटते.

काशीराम : शरम तुला आधीपासनं हाय. माझी. गावातनं दोगं संगती निघायचो. गेट दिसलं का तू झपाझपा पुढं. आत गेल्यावर ‘काशीराम, तो ड्रम हलव.’ कवा काका नाय म्हनलास.

केतन : काका...

काशीराम : मी म्हनायचो, असू दे, शिकलेला हाय, साहेबांत बसतो. पन वाईट वाटायचं. बोललो नाय कवा.

केतन : उद्या मी सगळं सांगतो. हा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवतो.

भामा : ठेवशील नि पलशील. तोंडानं सांगशील का?

केतन : तोंडानं सांगेन. सगळ्यांसमोर. बटण मी शिकवलं, प्रोग्राम माझा, चूक माझी.

भामा : आन् नोकरी?

केतन : बहुतेक जाईल.

काशीराम : वाच जरा.

केतन : काय?

काशीराम : मी काय काय सांगितलंय, ते.

केतन : बावीस तारीख. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं, टेस्ट. नऊ बारा, टेस्ट. नऊ बारा, टेस्ट. तेवीस तारीख. सकाळी आठ चाळीस, टेस्ट...

काशीराम : तवा खोकला सुरू झालता. पुढं?

केतन : आठ चाळीस, टेस्ट. आठ चाळीस, टेस्ट... काका, मला नाही वाचवत.

भामा : रडून काय व्हनार? डोलं पुस. उद्या कितीला जायाचंय?

केतन : अकराला. काका, मी गेटवर थांबतो. तिथून हात धरून तुम्हाला आत नेतो.

काशीराम : गेटपासनं नको. हितनंच धर.