पास झालेल्या पोरींना विचारून

बीडच्या स्टँडवर कडा गावच्या गाडीची वाट बघणाऱ्या भामाबाईंचे कान मागच्या बाकड्याला लागले होते. तिथं खांद्यावर घोंगडी टाकलेला बाप आणि बारावी झालेली लेक बोलत होते.

"आबा, आहारशास्त्राला पुण्यात चार लाखांचं कर्ज लागंल. पण पुढं चाळीस हजार पगार, असं कॉलेजवाले म्हणत्यात."

"शेळी घेताना इकणाऱ्याच्या बोलण्यावर जातो का आपण?"

"न्हाई, धार काढून बघतो."

"मग तिथून पास झालेल्या पोरींना इचार की."

"इचारलं. अठरा हजार मिळत्यात, त्यातले सहा कर्जाच्या हप्त्यातच जात्यात."

"अन् परभणीला हेच शिकलेल्या पोरींना?"

"सतरा. पण कर्ज न्हाई."

"मग तोंड का पाडलंस?"

"मैतरणी समद्या पुण्याला चालल्यात."

"तुजं मन तिकडंच आसंल, तर मी करतो कर्जाच्या कागदावर सही."

लेकीनं बोटांवर पुन्हा हिशेब मांडला. इकडं भामाबाई पार मागं वळून बसल्या.

"आबा, परभणीची गाडी कुठं लागती?"

"सात नंबरला!" भामाबाईच बोलून गेल्या.