आगटीपाशी दोन डाएटवाले

...नाय पण मला एक सांगा, माणसानं सकाळी उठून काकडी का खावी? काकडी! अहो, बैलाला सकाळी नुसती काकडी टाकून बघा, वर बघायचा नाय तुमच्याकडं, त्यालाबी कडबा लागतो! अन् मी, चिकलठाण्याच्या कंपनीत सुपरवायझर, गारखेड्यात स्वतःचं घर, आणि ताटात काय? दोन अंडी, एक काकडी. समोर आमची सुरेखा. ती तर काहीच खात नाय. काळा चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, अन् नजर भिंतीवरच्या घड्याळावर. का? तर बारा वाजायचेत! बारा वाजल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाय. म्हणजे खायला. बोलायला उघडंच असतं, त्याला वेळेचं बंधन नाय.

वजन उतरलं, नाय म्हणत नाय. खोटं कशाला बोलू? पँट कमरेवर राहीना. पण तुम्हाला सांगतो, त्या वजनाबरोबर लई काय काय गेलं.

सुरुवात कुठनं झाली? कंपनीत तपासणी झाली. डॉक्टर रिपोर्ट बघत बघत म्हणाले, "शुगर काठावर आहे." आता काठावर म्हटल्यावर मला गावची विहीरच दिसली, मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली! बाहेर येतोय तर आमच्या एचआरचा विश्वजीत. शर्टात दंड मावत नाय असा माणूस. "सर, कार्ब बंद! भात बंद, पोळी बंद, भाकरी बंद. पनीर खा, अंडी खा, तूप खा." म्हटलं, तूप? "बिनधास्त!" अहो पण तूप कशाबरोबर खाऊ? "नुसतं खा ना सर!" ...नुसतं! निरांजन आहे का मी?

हे ज्ञान घेऊन घरी आलो तर सुरेखाची मैत्रीण तनुजा सोफ्यावर. ती दुसऱ्याच पंथाची. "भाऊजी, कायबी बंद करू नका हो! फक्त घड्याळ बघा. दुपारी बारा ते रात्री आठ, या विंडोत पुरणपोळी खा नायतर भजी खा. बाकी सोळा तास पाणी." झालं! मी विश्वजीतचं लो कार्ब धरलं, सुरेखानं तनुजाचं सोळा-आठ. एका छपराखाली दोन पंथ, आणि दोघांनाबी वाटतं समोरचा वाया चाललाय.

आता जो तो मला विचारतो, दोन्हीतलं चांगलं कुठलं? मी दोन्ही जवळून बघितलंय, ऐका. लो कार्बमधी कधीबी खा, पण आवडतं ते सोडून. फास्टिंगमधी आवडतं ते खा, पण भूक लागते तेव्हा सोडून! करा आता पसंत! सुट्टीच्या दिवशी दुपारी ती वरणभात कालवायची, वरून तुपाची धार, लिंबू... अन् मी समोर पनीर चावतोय, खोडरबर चावल्यागत. रात्री मी ड्युटीवरून येऊन ताटावर बसायचो तवर हिची विंडो बंद. मग ती तिकडं टीव्हीकडं तोंड करून, मी इकडं भिंतीकडं. लग्नापासून एकत्र जेवणारी माणसं हो आम्ही! भांडायचोसुद्धा जेवतानाच. आता भांडायलाबी वेळ जुळंना.

शहागंजला कंपनीतल्या दोस्ताच्या घरी दावत होती. नान-खलिया, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा अन् संगं नान! मी काय केलं, खलिया वाटीनं प्यालो आणि नान बाजूला सारला. त्याचे वडील, पांढरी दाढी, लई मायाळू माणूस, त्यांनी नान परत माझ्याकडं सरकवला. मग हळूच म्हणाले, "बेटा, रोटी से क्या दुश्मनी हो गई?" काय सांगू त्यांना? शुगर काठावर आहे?

वजन उतरलं, नाय म्हणत नाय. पण इथवर हसण्यावारी होतं. पुढं हुरडा आला.

आमचं गाव चितेगावच्या पुढं. थोरला भाऊ, कारभारीदादा, शेती बघतो. विहिरीच्या बाजूला एक पट्टा तो दरसाल गूळभेंडीचा करायचा. गूळभेंडी म्हणजे खास हुरड्याची ज्वारी, गोड. बाजारात नाय न्यायची, घरच्यांनी खायची. थंडीत कणीस भरलं की दादाचा फोन, "रामकिसन, हुरड्यात आलीय. रविवारी या. येताना शेव आन." बस! हालहवाल नाय, काय नाय, फोन बंद. पण त्या फोनची वाट मी दिवाळीपासनं बघायचो, तुम्हाला सांगतो.

तर मागच्या थंडीत आम्ही गेलो. आणि हुरडा खायचा कधी? सकाळी! ऊन चढायच्या आत. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्याला आम्ही आगटी म्हणतो, त्यात कणसं भाजायची, आणि गरम गरम हातावर चोळायची. दादाचे हात असे की त्याला चटका बसतच नाय. त्यानं चोळलं, फुंकर मारली, आणि हिरवागार हुरडा माझ्या तळहातावर धरला. लहानपणापासनं पहिली मूठ माझी, हे ठरलेलं. आणि मी... मी म्हटलं, "नको दादा. कार्ब आहे."

दादानं हातातल्या हुरड्याकडं बघितलं. "म्हंजी? आरं, याच्यावर एक फवारा मारला नाय म्या! निव्वळ शेणखत हाय." म्हटलं, तसं नाय दादा, ज्वारीतच असतं ते. "आपल्या ज्वारीत?" असं म्हणला, जसं कुणी पोरावर चोरीचा आळ घेतलाय. मग त्यानं तीच मूठ सुरेखापुढं केली. ही काय म्हणाली माहितीय? "दादा, माझी विंडो बारा वाजता उघडते!"

कारभारीदादानं काय केलं? गोवऱ्या आणून आणून बारा वाजेस्तोवर आगटी पेटती ठेवली, उन्हात, एकटा. बारा वाजता हिनं खाल्ला, तवर ती कणसं पार वातड झालेली. खाल्ला किती? चिमूटभर, पोट बिघडंल म्हणून. बाकीचा हुरडा वहिनीनं शेळीपुढं टाकला. शेळीनं काय विंडो-बिंडो बघितली नाय!

वजन उतरलं, नाय म्हणत नाय.

मग यंदा दिवाळीनंतर परत तपासणी. डॉक्टर खुश. मी विचारलं, डॉक्टर, लो कार्ब चांगलं का फास्टिंग? म्हणाले, "दोन्हीनं उतरतं. जे जन्मभर निभेल ते करा. आता तुम्ही संध्याकाळी लवकर जेवा, दोघं मिळून जेवा, आणि ज्वारीची भाकरी सुरू करा. ज्वारी उत्तम." ज्वारी उत्तम! आरं मंग वर्षभर मी काकडीशी काय संसार केला? पण चिडलो नाय, उलट उड्या मारत घरी आलो. सुरेखाला म्हटलं, यंदा हुरडा! तीबी लाजत म्हणाली, मीबी सकाळीच खाईन हो. शेव आणून ठेवली, आणि बसलो फोनची वाट बघत.

फोन नाय. थंडी वाढली, लोकांचे हुरड्याचे फोटो यायला लागले, फोन नाय. सुरेखा म्हणे, "अहो, आपणच जाऊ." गेलो. गाडीतनं उतरलो आणि विहिरीकडं बघितलं तर... मका. त्या पट्ट्यात मका उभी! म्हटलं दादा, गूळभेंडी? तर अगदी साध्या आवाजात, "तुमी खात नाय ना आता. मंग म्हटलं, कुनासाठी पेरायची? उगं तुला तरास नको. टाकली मका."

ओरडला असता तर बरं झालं असतं हो! पण तो तर माझाच विचार करून बसला होता. पुढं ऐका. आमची वहिनी माळकरी, त्या घरात अंडं कधी आलेलं नाय. फाट्यावरनं आमची गाडी येताना दिसली आणि दादानं दुकानातनं अंडी आणली, गोठ्यामागं तीन दगड मांडून स्वतः उकडली, आणि पळसाच्या पानावर सोलून माझ्यापुढं ठेवली. बाजूला काकडी. आणि घरात ओरडून सांगितलं, "बारा वाजल्याबिगर ताटं वाढू नगा, सुरेखाचं तसलं असतंय!" सगळं घर, म्हणजे शेतातनं दमून आलेली माणसं, हिच्यासाठी घड्याळाकडं बघत बसली. ही पदरानं डोळे पुसत होती, सांगायची हिंमत होईना की आता तसलं काय नाय. आणि मी? मी अंडी खाल्ली. सगळी खाल्ली. नाय कसं म्हणणार?

निघताना धीर केला. म्हटलं, दादा, पुढच्या साली पेर. आता चालतंय मला, खरंच चालतंय. आणि रडूच आलं हो मला, केस पिकलेल्या वयात.

दादानं खांद्यावर हात ठेवला. म्हणला, "पेरतो की, त्यात काय? पर पेरनीच्या आधी एकदा डाक्टरला इचारून सांग, बाबा."