मुसळाला लागलेला कांदा

माहेर माझं प्रकाशा गावचं, तापीच्या काठचं, आणि सासर हे तळोदा. लग्न करून इथं आणलं तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. नवरा सुतार होता, बोलायचा कमी आणि ठोकायचा जास्त, म्हणजे लाकूड ठोकायचा, मला नाही, ते नीट लिहा मास्तर, नाहीतर लोक भलतंच वाचतील. त्यानं हौसेनं मला एकच वस्तू करून दिली, अंजनाच्या लाकडाचं मुसळ, खाली लोखंडी कडं, माझ्या उंचीला मापून. मग साथ आली, त्यात तो गेला, पोटी मूल नाही, दिरानं हत्यारं नेली, रंधा नेला, खाट नेली, आणि मुसळ बायकी वस्तू म्हणून कुणी मागितलं नाही तर ते राहिलं. त्या मुसळावर मी जन्मभर भाकर खाल्ली.

मसाला कुटायचं काम असं की, काय सांगू तुम्हाला, वर्षातले दोन महिने सगळ्या गावाला तुम्ही पाहिजे असता आणि उरलेले दहा महिने तुम्हाला नुसतं बघून लोकांना शिंक येते. चैत्र लागला, मिरची उन्हात खडखडीत वाळली की घरोघरी बोलावणं. मिरची, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, लवंगा, सगळं वेगवेगळं तेलावर भाजायचं, वाळवलेला कांदा काळा होईस्तोवर परतायचा, लसूण घालायचा आणि मग उखळात. कांद्याशिवाय आपल्या खान्देशात त्याला मसाला म्हणत नाहीत, लाल भुकटी म्हणतात. घरातल्या बाया ठसक्याला भिऊन ओट्यावर लांब बसतात, तिथनंच ओरडतात, व्हयनं का वं, म्हणजे झालं का गं. दिवसभर धप धप, तोंड उघडलं की मिरची आत जाते, आणि घरी आल्यावर तोंड उघडायला माणूसच नाही.

एक घर तेवढं वेगळं होतं. पेठेतल्या कापडवाल्या शेठचं, मारवाडातून आलेलं जैनाचं घर. त्यांच्याकडे कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. म्हणून माझा नेम असा, की मोसम संपला की दिराकडून मुसळाला रंधा मारून घ्यायचा, वरचं लाकूड गेलं की कांदाही गेला, आणि चैत्रात ते कोरं मुसळ सगळ्यांच्या आधी शेठाणीच्या उखळात. गाव थांबायचं. कुरकुरायचं, पण थांबायचं.

शेठाणी माझ्याच वयाची. पंधरा खोल्यांचं घर, चांदीचे पाट, आणि बाई दिवसभर घुंगटात. मागच्या अंगणात मी एकटी असले की घुंगट वर करून उखळाजवळ येऊन बसायची. चैत्रात त्यांची आयंबिलची ओळी असते, नऊ दिवस एकदाच जेवायचं, तेही नुसतं उकडलेलं, मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. आणि त्याच दिवसांत ही बाई मसाल्याचा वास घ्यायला येऊन बसायची. मी म्हटलं, शेठाणी, वासानं उपास मोडत नई का? ती म्हणाली, आजून कोनी महाराजले इचारं नई, तू बी इचारू नको. मग हसायची. तीन दिवस आम्ही बोलायचो, ती तिच्या वाळवंटातल्या विहिरीचं सांगायची, मी तापीचं. मला कोशाबाई म्हणायची. बाकी गावाला मी कुटणारी. खरं सांगू का, मी वर्ष मोजायची ते त्या तीन दिवसांवरनं.

मग एका वर्षी आमच्या पाटलाला सरकारनं रावसाहेब केलं. दारावर रंगवलेली पाटी लागली, पाहुणा आला की पाटील आधी पाटीखाली उभा राहायचा आणि मग या म्हणायचा. त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात. त्याचा कारभारी आला, म्हणाला, यंदा पहिलं मुसळ रावसाहेबांकडे, रावसाहेबांचा मसाला वाण्याच्या मागून कुटतात का. मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझी झोपडी पाटलाच्या जागेत. आठ दिवस मी कांदा कुटला, इतका कांदा की माझ्या घामाला वास यायला लागला.

दिराकडे मुसळ घेऊन गेले तर तो त्याच लग्नाच्या मांडवाला लागलेला, म्हणाला, वैनी, पंधरा रोज थांब. इकडे ओळी सुरू झालेली. शेठाणीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ दे, यंदा नको. तेच मला नको होतं, मास्तर. मी राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, उन्हात ठेवलं, हुंगलं, आणि आपल्याच नाकाला खोटं पाडून गेले. तीन दिवस बसलो, बोललो. मी गप्प राहिले तेवढ्याच गोष्टीवर.

आणि गंमत बघा, त्या घरात जन्मात कुणी कांदा खाल्लेला नाही, तर ओळखणार कोण? सगळ्यांना मसाला आवडला. शेठनं दुकानातनं मला लुगडं पाठवलं, निरोप दिला, यंदा डाळीला जीव आला. ते लुगडं मी नेसले नाही.

आषाढात कळलं, चौमाशाला, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने राहायला, साध्वी येणार आणि शेठाणी आपल्या हातानं त्यांना त्याच मसाल्याचा आहार वाढणार. तेव्हा मी मागच्या दारानं गेले आणि सगळं सांगितलं. तिनं मसाल्याची बरणी खाली काढली. मग विचारलं, किती व्हता? मी म्हटलं, लाकडात मुरला तेवढा. घरात कोणाले सांगू नको, म्हणाली, सगळास्नं प्रायश्चित्त मी करसू. बरणी उचलली, स्वतः उकिरड्यावर जाऊन रिकामी केली. परत आली, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, कोशाबाई, माले तो भलता आवडना व्हता वं.

तिनं किती आयंबिलं केली ते मला माहीत नाही. पुढच्या चैत्रात मी मुसळ कोरं करून बसले, कुणाकडे गेले नाही, ओळीचे नऊही दिवस गेले, बोलावणं नाही. मग मीच गेले. ती दारातच म्हणाली, राग नई शे. पन आते माले तो वास ओळखू येस. तू ऊनी की मी तोच वास धुंडत बससू. येऊ नको.

मी कोरं मुसळ खांद्यावर घेऊन घरी आले.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. त्यांच्याकडे जिरं-हिंगावर भागतं. मी शेजारच्या घरी कुटायला बसते, तिथनं त्यांची माडीवरची खिडकी दिसते. पहिली मिरची पडली की ती खिडकी लागते, मी वर बघत नाही पण कानाला कळतं. यंदा मात्र अर्धीच लागली. एक फळी उघडी राहिली, वाऱ्यानं असेल, असेलच वाऱ्यानं, पण मी त्या दिवशी कांदा उखळात घातला नाही, उद्यावर टाकला आणि संध्याकाळपर्यंत नुसते धने कुटले.

बस, एवढंच. तुम्ही चारदा शिंकलात, मास्तर, जा आता घरी. बाई वाट बघत असेल, तिला सुखी ठेवा, आणि जेवताना तिच्याशी दोन शब्द बोलत जा.